एक्सरँडरला अनावृत पत्र

प्रिय एक्सरँडर,



या पत्राला निमित्त झालं ते २०२५ साल. त्या वर्षी मे महिन्यात रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सची दहावी आवृत्ती आली आणि तिच्यातून पडद्यावर खिडक्या दाखवणारा एक्स सर्व्हरच काढून टाकलेला होता. ऑक्टोबरात उबुंटू २५.१० आलं. लॉगिन करताना ‘उबुंटू ऑन झॉर्ग’, म्हणजे एक्सच, निवडायची जी सोय इतकी वर्षं होती, ती त्यात राहिली नाही. ज्या एक्सशी बोलण्यासाठी तू घडलास, तोच हळूहळू बाजूला होतो आहे. लिनक्स मिंटवर, एक्सएफसीई डेस्कटॉपवर, जुन्या मशिनवर तुझं काम अजून रोज चालू आहे, म्हणून हा निरोप नाही. पण तुझ्याबद्दल जे म्हणायचं आहे ते आता म्हणायलाच हवं. तुझ्याजवळ असं काही होतं जे तुझ्या जागी येणाऱ्यांकडे अजून नाही, आणि ते कुणी फारसं मागतानाही दिसत नाही.

ज्यांनी तुला कधी पाहिलं नाही, त्यांना आधी तुझी ओळख करून देतो. तू म्हणजे एक्सवर पडद्याचा आकार आणि मांडणी ठरवणारी कमांड. टर्मिनल उघडायचं, रोमन सहा अक्षरांचं तुझं नाव टाइप करायचं आणि एंटर दाबायचं. पुढे काहीच सांगितलं नाही, तर तू काहीही न बदलता परिस्थिती सांगतोस. पहिल्या ओळीत पडदा कमीत कमी केवढा होऊ शकतो, आत्ता केवढा आहे आणि जास्तीत जास्त केवढा होईल हे असतं. मग एकेक जोडणी येते. लॅपटॉपचा आतला पॅनल, एचडीएमआय, व्हीजीए. कुठे काही जोडलंय आणि कुठली जागा रिकामी आहे. जोडलेल्या मॉनिटरची लांबी-रुंदी तू मिलिमीटरमध्ये देतोस. त्याखाली तो दाखवू शकेल अशा रिझोल्यूशनची यादी आणि प्रत्येकापुढे रिफ्रेश रेट. आत्ता जे चालू आहे त्याच्यापुढे चांदणी, आणि मॉनिटरला स्वतःला जे पसंत आहे त्याच्यापुढे अधिकचं चिन्ह.

चांदणी आणि अधिक एकाच ओळीवर असले की पडदा ठीक आहे. वेगवेगळ्या ओळींवर असले, तर तिथूनच शोध सुरू करावा. “स्क्रीन कशीतरीच दिसतेय” अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला मी आधी हीच दोन चिन्हं बघायला सांगतो, आणि पुष्कळांची तक्रार तिथेच संपते.

तुझ्याआधीचे दिवस आज कुणाला फारसे ठाऊक नाहीत. एक्सचा जन्म १९८४ साली एमआयटीत झाला, अकरावी आवृत्ती १९८७ साली आली. त्या व्यवस्थेत पडद्याचा आकार सुरुवातीला एकदा ठरायचा आणि सत्र संपेपर्यंत तोच राहायचा. एक्सफ्री८६ या एक्स सर्व्हरच्या काळात कॉन्फिग फाइलमध्ये ‘मोडलाइन’ नावाची आकड्यांची ओळ लिहायची, उघडे असलेले सगळे प्रोग्रॅम बंद करायचे, एक्स पुन्हा सुरू करायचा आणि काय दिसतं ते बघायचं. चुकीच्या वारंवारतेने मॉनिटर बिघडू शकतो असा इशारा तेव्हाच्या माहितीपुस्तिकांत असायचा, आणि काचेच्या नळीच्या त्या मॉनिटरांच्या बाबतीत तो खरा होता. कंट्रोल, ऑल्ट आणि अधिकचं बटण दाबून मोड बदलता यायचा, पण डेस्कटॉप मुळात होता तेवढाच राहायचा. त्याचा एक तुकडा दिसायचा आणि माउस कडेला नेला की चित्र सरकायचं.

हे बदलायचं ठरवलं जिम गेटिस आणि कीथ पॅकार्ड यांनी. गेटिस तर एक्स मुळात ज्यांनी उभा केला त्यांच्यापैकीच एक. २००१ साली युझनिक्सच्या परिषदेत दोघांनी पडद्याचा आकार बदलण्याच्या आणि तो फिरवण्याच्या एक्सच्या विस्ताराविषयी निबंध मांडला. हातात मावणारे संगणक तेव्हा आले होते आणि त्यांचा पडदा चालू असतानाच आडव्याचा उभा करता यायला हवा होता. २००३ साली एक्सफ्री८६ ४.३ बरोबर त्यातली आकार बदलण्याची सोय लोकांच्या हाती आली. २००७ साली विस्ताराची १.२ आवृत्ती आली तेव्हा तुला आजचं रूप मिळालं. एक मॉनिटर डावीकडे, दुसरा उजवीकडे, एक उभा, एक बंद, आणि हे सगळं चालत्या मशिनवर. सभागृहात एक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपला प्रोजेक्टर लावला आणि तो लगेच चालला, तर त्यामागे २००७ सालचं हे काम असतं. वक्त्याला ते कळतही नाही.

इतिहास इतका पुरे. माझ्यासाठी तुझं मोल निराळं आहे आणि ते एका फोनवरच्या बोलण्यातून सांगितलं तरच नीट कळेल.

साताऱ्याकडच्या एका माध्यमिक शाळेत कुणीतरी दिलेल्या जुन्या संगणकांवर लिनक्स घातलेलं आहे. तिथल्या गणिताच्या मॅडमचा एका संध्याकाळी फोन आला.

“सर, जिओजेब्रामध्ये वर्तुळ काढलं तर लंबवर्तुळ दिसतंय. उद्या नववीचा तास आहे.”

“सेटिंगमध्ये रिझोल्यूशन काय दिसतंय?”

“१०२४ बाय ७६८. त्याच्या वर काहीच नाही.”

“मॉनिटर रुंद आहे ना? केबल निळ्या टोकाची?”

“हो, निळीच.”

“ती काढून टोकात बघा. पिनांच्या तीन ओळी असतील, पाच-पाचच्या. खालच्या ओळीत किती आहेत?”

थोडा वेळ गेला. “तीनच दिसतायत.”

दोष तिथे होता. व्हीजीए केबलमधली बारावी आणि पंधरावी पिन चित्र नेत नाहीत. त्या दोन तारांवरून मॉनिटर संगणकाला आपली माहिती सांगतो: कुणी बनवला, केवढा आहे, कुठलं रिझोल्यूशन त्याचं स्वतःचं आहे. ही माहिती १२८ बाइटांत मावते आणि तिला ‘ईडीआयडी’ म्हणतात. स्वस्त केबल बनवणारे या दोन पिना गाळतात. (मधल्या ओळीतली नववी पिन पुष्कळ चांगल्या केबलींतही नसते, तिने काही बिघडत नाही.) चित्र येतं, पण मॉनिटर कोण आहे हे संगणकाला कळत नाही. मग तो सगळ्यांना चालेल असं १०२४ बाय ७६८ धरून बसतो. चार-तीन प्रमाणाचं ते चित्र सोळा-नऊच्या पडद्यावर ताणलं जातं आणि वर्तुळाचं लंबवर्तुळ होतं.

खरा इलाज म्हणजे नवी केबल. ती तालुक्याहून यायची होती आणि तास दुसऱ्या दिवशी सकाळी होता. सेटिंगची खिडकी इथे निरुपयोगी होती, कारण तिच्या यादीत जे नाही ते ती देऊ शकत नाही. तुझं तसं नाही. यादीत नसलेला मोड तुला सांगता येतो.

“टर्मिनल उघडा. सी, व्ही, टी टाइप करा. जागा सोडा. १९२०. जागा. १०८०. एंटर.”

“दोन ओळी आल्या. दुसरीत नुसते आकडे आहेत.”

“पहिला शब्द मोडलाइन आहे, तो सोडून पुढचं सगळं माउसने निवडा. आता खाली एक्स, आर, ए, एन, डी, आर. जागा. दोन डॅश, आणि त्यांना चिकटून न्यूमोड. मध्ये जागा नको. मग जागा सोडून माउसचं मधलं बटण दाबा, निवडलेलं तिथे येईल.”

एंटर दाबल्यावर काहीच दिसलं नाही. म्हणजे बरोबर झालं होतं. तू बिनसलं तरच बोलतोस. मग ‘ॲडमोड’ने तो नवा मोड व्हीजीएच्या जोडणीला दिला आणि तिसऱ्या ओळीत ‘आउटपुट’ आणि ‘मोड’ सांगून तो चालू केला. फोनवर मॅडमच्या मागून मुलांचा आवाज आला. वर्तुळ वर्तुळ दिसू लागलं होतं.

मी तिथे नव्हतो. माझ्यासमोर त्यांचा पडदा नव्हता. त्यांच्या डेस्कटॉपचे मेनू इंग्रजीत आहेत की मराठीत, चिन्हं वर आहेत की खाली, हे मी विचारलंही नाही. तुला जे सांगायचं ते अक्षरांत सांगता येतं, म्हणून ते फोनवर सांगता आलं. त्याच तीन ओळी मॅडमनी लॅबच्या रजिस्टरमध्ये उतरवून घेतल्या आणि तशाच केबली असलेल्या बाकीच्या मशिनवर मुलांनी त्या स्वतः चालवल्या. उतरवून घेता येणं, दुसऱ्याला देता येणं, फाइलमध्ये ठेवून रोज आपोआप चालवता येणं ही तुझी खरी ताकद आहे. खिडकीतले सरकपट्टे कितीही देखणे असले तरी ते रजिस्टरमध्ये उतरवता येत नाहीत.

त्या मोडलाइनपाशी थोडं थांबतो. बहुतेक लोक ती मंत्रासारखी चिकटवतात आणि पुढे जातात. ती समजण्यासारखी आहे. १९२० बाय १०८०साठी सीव्हीटी जी ओळ देते तिच्यात आधी १७३.०० येतं. हे मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १७ कोटी ३० लाख ठिपके. मग आडवे चार आकडे: १९२०, २०४८, २२४८, २५७६. मग उभे चार: १०८०, १०८३, १०८८, ११२०. दिसणारे ठिपके १९२०च, मग ओळ २५७६ची का? नांगर बांधापाशी आला की बैल वळवायला थोडी मोकळी जमीन लागते. तिथे पेरणी होत नाही, पण ती नसेल तर पुढचं तास धरता येत नाही. काचेच्या नळीतला किरण उजव्या कडेला पोचल्यावर त्याला परत डावीकडे यायला असाच वेळ लागायचा. ६५६ ठिपक्यांएवढा वेळ त्यासाठी राखलेला आहे, आणि उभ्या दिशेने ४० ओळींचा. आता २५७६ला ११२०ने गुणा आणि १७ कोटी ३० लाखांना त्या गुणाकाराने भागा. उत्तर येतं ५९.९६. हाच तो साठ हर्ट्झच्या जवळचा रिफ्रेश रेट. सगळा हिशेब उघड्यावर आहे, शाळकरी मुलाला करता येईल असा. त्या मॅडमनी पुढे तो वर्गात करून घेतला.

सपाट मॉनिटरात किरण नाही, वळायचं कुणाला नाही, म्हणून एवढी मोकळी जागा लागत नाही. सीव्हीटीला ‘डॅश आर’ जोडलं की तोच मोड १३८.५ मेगाहर्ट्झमध्ये बसतो. हे केवळ हौशीचं ज्ञान नाही. जुन्या एचडीएमआय आणि सिंगल लिंक डीव्हीआय जोडण्यांची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ आहे. तिथे १७३ची ओळ दिली तर पडदा काळा राहू शकतो आणि १३८.५ची दिली तर उजळतो. आणखी एक खाच म्हणजे १३६६ बाय ७६८चे पॅनल. १३६६ला आठने भाग जात नाही, म्हणून सीव्हीटी १३६८ देते. त्याने गोंधळून जाऊ नये.

पडदा बरोबर असण्याचं महत्त्व आपल्या लिपीला जास्त आहे असं माझं ठाम मत आहे. सपाट मॉनिटरचे ठिपके कारखान्यातच ठरलेले असतात. दुसरं कुठलंही रिझोल्यूशन दिलं की तो एका ठिपक्याचा मजकूर दीड-दोन ठिपक्यांवर पसरवतो. इंग्रजी मजकूर तेवढ्याने वाचता न येण्यासारखा होत नाही. देवनागरीत मात्र शिरोरेषेवर रफार आणि अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. अनुस्वार म्हणजे एक ठिपकाच. तो धुरकटला की ‘अंत’ आणि ‘अत’ यांत फरक उरत नाही. वयस्कर मंडळी अक्षर बारीक दिसतं म्हणून रिझोल्यूशन उतरवून मागतात आणि दुकानदार उतरवूनही देतात. तसं करू नये. रिझोल्यूशन मॉनिटरच्या पसंतीचंच ठेवावं आणि अक्षराचा आकार वाढवावा. अक्षर मोठंही होतं आणि रेघही स्वच्छ राहते.

तुझे दोषही मला माहीत आहेत. तू विचारत नाहीस. सेटिंगची खिडकी बदल केल्यावर काही सेकंद वाट बघते आणि होकार आला नाही तर मागे फिरते. तू सांगितलेलं लगेच करतोस, आणि मोड चुकीचा असेल तर काळा पडदा पुढ्यात ठेवतोस. म्हणून नवा मोड तपासताना एकाच ओळीत तीन गोष्टी अर्धविरामाने जोडून लिहाव्यात: नवा मोड, मग ‘स्लीप १५’, मग ‘ऑटो’. पडदा काळा झाला तरी पंधरा सेकंदांनी आपोआप परत येतो. दुसरा दोष म्हणजे तू लक्षात ठेवत नाहीस. मशिन बंद झालं की न्यूमोडने दिलेलं सगळं गेलं. त्या ओळी घरच्या फोल्डरातल्या ‘एक्सप्रोफाइल’ फाइलमध्ये ठेवाव्या लागतात. आणि तुझ्या ‘ब्राइटनेस’ने मॉनिटरचा उजेड कमी होतो असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की त्याने फक्त रंग उतरतात, मागचा दिवा तेवढाच जळत राहतो.

आता एक्सच्या जागी येणाऱ्या वेलँडविषयी. क्रिस्तियान होग्सबर्ग यांनी २००८ साली ते काम सुरू केलं आणि २०१६ साली फेडोरा २५ने ते मुख्य म्हणून स्वीकारलं. त्यामागची कारणं मला पटतात. एक्सच्या घरात आलेला प्रत्येक प्रोग्रॅम घरचाच धरला जातो. एका खिडकीत टाइप केलेला पासवर्ड दुसरी खिडकी वाचू शकते, कुणीही पडद्याचं चित्र घेऊ शकतं, आणि कुठलाही खेळ रिझोल्यूशन ६४० बाय ४८०वर आणून मध्येच बंद पडू शकतो. मग डेस्कटॉपची सगळी चिन्हं एका कोपऱ्यात गोळा होऊन बसतात. वेलँडमध्ये पडद्याचा मालक एकच असतो, कंपोझिटर. ही व्यवस्था जास्त सुरक्षित आहे यात वाद नाही. तुला तिथे चालवलं तर तू जोडण्या दाखवतोस, पण खऱ्या मॉनिटरपर्यंत तुझा हात पोचत नाही.

माझी तक्रार सुरक्षिततेशी नाही. तक्रार अशी की कंपोझिटर जितके तितक्या कमांड झाल्या. केडीईवर केस्क्रीन-डॉक्टर. स्वेवर आणि त्याच्या भावंडांवर डब्ल्यूएलआर-रँडर. ग्नोमवर २०२५च्या मार्चपर्यंत अशी अधिकृत कमांडच नव्हती. ४८व्या आवृत्तीबरोबर जीडीसीटीएल आली. प्रत्येकीचे शब्द वेगळे, क्रम वेगळा. तुझी एचडीएमआय-१ ही जोडणी काहींत एचडीएमआय-ए-१ होते. यादीत नसलेला मोड देण्याची सोय काहींकडे आहे, काहींकडे नाही. त्या शाळेतली मशिन ग्नोमच्या वेलँडवर असती, तर मला मॅडमना बूटलोडरची फाइल उघडायला लावून कर्नलला ‘व्हिडिओ’ नावाचा पर्याय द्यायला सांगावं लागलं असतं आणि मशिन पुन्हा सुरू करावं लागलं असतं. एका अक्षराची चूक झाली असती तर नववीचा तास त्या मशिनविनाच झाला असता. ज्याच्या हाताशी जाणकार माणूस नाही, त्याच्यासाठी हा तोटा मोठा आहे. मोठ्या कंपनीत माणूस येऊन बघतो. गावातल्या शाळेत, वाचनालयात, ग्रामपंचायतीत फोनच असतो.

म्हणून डेस्कटॉप घडवणाऱ्यांना या पत्रातून सांगणं आहे. पडद्याचा ताबा कंपोझिटरकडेच ठेवा, परवानगी विचारा, मोड चुकला तर आपोआप मागे फिरा. हे सगळं एक्सरँडरकडे नव्हतं आणि ते असायलाच हवं होतं. पण कमांडचे शब्द सगळ्यांनी मिळून एकच ठरवा, आणि यादीत नसलेला मोड देण्याची वाट बंद करू नका. स्वस्त केबली बाजारातून जाणार नाहीत.

आणि वाचकांना एक विनंती. तुमच्या मशिनवर एक्स११ असेल आणि नव्या आवृत्तीवर जायचा विचार असेल, तर जाण्याआधी एकदा एक्सरँडर चालवा आणि जे दिसेल ते सगळं फाइलमध्ये साठवून ठेवा. ‘व्हर्बोज’ जोडलंत तर मॉनिटरची ईडीआयडीही त्यात येते. हाताने दिलेला मोड असेल तर त्याची मोडलाइनही शेजारी लिहा. कमांड कुठलीही आली, तरी तिला हेच आकडे लागणार आहेत.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
एक वापरकर्ता